जर्मनी, कानबाई आणि माझी माय

माय आज पहाटे गेली.

तिच्यामुळे माझं जर्मनी हुकलं. हे मी आज पहिल्यांदाच उघड लिहितोय. आजच्या दिवशी लिहू नये असं बायको म्हणतेय, पण आज नाही तर कधीच लिहिणार नाही.

साल १९९४. मी सुरतेत टेक्स्टाइल इंजिनीअरिंगच्या शेवटच्या वर्षाला. मूळ गाव धुळ्याकडचं, पर्वत पाटियाजवळ आमची खोली, आणि आबा, म्हणजे माझे वडील, कडोदऱ्याला लूमवर कामाला.

आमच्या सरांनी एका जर्मन विद्यापीठात माझं नाव सुचवलं. सहा महिने त्यांच्या लॅबमध्ये रिसर्च, तिकिटासकट सगळं त्यांच्याकडून.

लूमवर धागा तुटतो तो क्षण टिपणारा कॅमेरा होता त्यांच्याकडे. आबा रोज घरी येऊन त्याच तुटक्या धाग्यांना शिव्या घालायचे. मला वाटलं, हे काम माझंच आहे.

ऑगस्टच्या सुरुवातीला निघायचं होतं.

आणि श्रावणात आमच्याकडे कानबाई. त्या वर्षी पहिल्यांदाच आमच्या सुरतच्या खोलीत बसणार होती.

खान्देशी मित्रांना सांगायला नको. बाकीच्यांसाठी सांगतो, कानबाई म्हणजे आमची देवी. घरातल्या प्रत्येक पुरुषाच्या नावाने मुठी घालून गहू दळायचा, त्याचे रोट करायचे आणि ते घरच्यांनीच संपवायचे. आपल्या नावाचा गहू दळलेला असताना आपण विमानात, हे मायला सहनच होईना.

"रोट खाईसन जाय ना भाऊ. जर्मनी काय पळी जाई ऱ्हायनी का?"

मी जाम चिडलो. आबा हळूच म्हणाले, "तिनी कधी काही मांगं का तुनापाशी?"

संपला विषय.

सरांनी फॅक्स केला. लॅबचं उत्तर साधं होतं. ऑगस्टमध्ये तशीही आमची निम्मी माणसं सुट्टीवर असतात, ऑक्टोबरपासून या. माय खूश, मीही निवांत. रोट पोटभर खाल्ले.

सप्टेंबरमध्ये सुरतेत प्लेग आला.

तोंडाला रुमाल, टेट्रासायक्लिनसाठी मेडिकलपुढे झुंबड, उधना स्टेशनवर गावाकडे पळणारी माणसं. आमची चाळ बघता बघता रिकामी झाली.

आम्हीही गाठोडी बांधली, आणि आबा तापाने फणफणले.

रिक्षावाला लांबूनच ओरडला, "ना ना, ताववाळाने नहीं बेसाडुं!" तापाचा माणूस नको म्हणून रिक्षा वळवून गेला.

मी आबांना सायकलच्या कॅरिअरवर बसवलं. माय मागून त्यांना धरून चालत होती. असेच सरकारी दवाखान्यापर्यंत गेलो.

मलेरिया निघाला. आबा वाचले.

त्याच आठवड्यात जर्मनीहून फॅक्स आला. सध्या येऊ नका, पुढच्या वर्षी पाहू.

पुढच्या वर्षी ती जागा माझ्या ज्युनिअरला मिळाली. मी कडोदऱ्याच्या एका कापड रंगवणाऱ्या प्रोसेस हाउसला चिकटलो, तो आजपर्यंत.

आणि मायने तिची गोष्ट सुरू केली. लग्नात, बारशात, भाजी निवडताना, जो भेटेल त्याला.

"कानबाईनी मना पोऱ्याले थांबाडं. तो नई ऱ्हाता ते यासले दवाखानामा कोन लई जाता?"

बायका हात जोडायच्या. आबा डोळे पुसायचे.

मी उठून बाहेर जायचो.

काय बोलणार? आबा समोर जिवंत बसलेत आणि मी म्हणू की मला जायचं होतं? पण खोटं कशाला सांगू, आबांकडे बघतानासुद्धा कधीकधी तो कॅमेरा डोक्यात यायचा. मग स्वतःचीच लाज वाटायची. साधा राग धरायची सोय नव्हती मला.

आबा नातवंडं खेळवून, समाधानाने गेले. गोष्ट चालूच राहिली.

गेल्या आठवड्यात हॉस्पिटलमध्ये मी तिच्या उशाशी पेपर वाचत बसलो होतो. ती एकदम म्हणाली,

"तुले जानं व्हतं ना रे?"

कुठे, हे विचारायची गरजच नव्हती. मी पेपर खाली ठेवला.

"व्हतं, माय. खूप जानं व्हतं."

"माले ठाऊक व्हतं. तू उठीसन भायेर जाये ना, तवय समजे माले."

"मंग ती गोष्ट सगळासले का सांगत ऱ्हायनी?"

तिने तोंड माझ्याकडे वळवलं.

"ती नई सांगती, ते मी तुनं वाटोयं करं, हाई सांगनं पडतं."

मी तिचा हात धरला. "काही वाटोळं नाही झालं," असं म्हणालो. तिला ते पटलं नाही, चेहऱ्यावर दिसत होतं. आणि खरं सांगू? मलाही पूर्ण पटलेलं नव्हतं. पण हात सोडला नाही मी, तिला झोप लागेपर्यंत.

राग होता माय तुझ्यावर. आज तो शोधतोय तर सापडत नाहीये, नुसतं रडू येतंय.

आता कुणाला काही सांगत बसायला नको तुला.

जाय, माय. निवांत जाय.