दोराचे वेढे

आमच्या यांचं काम झाडं उतरवायचं. पाडायचं नव्हे, उतरवायचं. रानातलं झाड कोणीपण पाडतो. बुंध्याला कुऱ्हाड घातली आणि बाजूला पळालं की झालं. पण झाड घरावर कललेलं असलं, विहिरीवर आलेलं असलं, की यांना बोलावणं यायचं. पावस गावच्या बागांतून यायचं, कधी पार खाली नाटे गावापर्यंत जावं लागायचं.

हे शेंड्यापासून तोडत खाली यायचे. पायात दोराची वळी, कमरेचा दोर खोडाभोवती फिरवून घट्ट बांधलेला, पाठीला कोयता आणि कुऱ्हाड. फांदीला आधी खालून खाच मारायची आणि मग वरून तोडायची. खालची खाच नसली तर फांदी मोडताना खोडाची साल ओढत, खोड फाडत येते, आणि माणूस तर त्याच खोडाला बांधलेला. तोडायच्या आधी फांदीला दोर बांधायचा, तो डोक्यावरच्या बेचक्यातून काढून खाली सोडायचा. खाली कोणीतरी तो धरायचा. फांदी सुटली की पडत नाय, दोरावर लोंबते. मग खालच्या माणसाने ती हळूहळू भुईला टेकवायची.

ती खालची मी.

गावात पुरुष होते कुठे? सगळे मुंबईला. माझा दीरपण तिकडेच गिरणीत. शिमग्याला आणि गणपतीला तोंड दाखवायचे, चार दिवस नाचायचे आणि परत आगबोटीत बसायचे. मग दोर धरायला मीच.

दोरपण मीच वळलेला. नारळाची सोडणं, ती वरची सालं, खाडीच्या चिखलात पुरून ठेवायची, कुजली की काढून दांडक्याने बडवायची, आणि तो काथ्या मांडीवर वळायचा. मांडीची साल जायची. त्याचं काही नाय वाटायचं. एवढंच वाटायचं की हा दोर तुटता नये.

यांनी मला एकच गोष्ट शिकवलेली. म्हणाले, "दोर हाताने धरायचा नाय. शेजारच्या झाडाच्या बुंध्याला तीन वेढे घालायचे. वजन त्या झाडाने धरायचं. तू नुसता सैल करत जायचा. आणि थांबवायचा कधी नाय. एकदम थांबवलास तर सगळा झटका वर माझ्याकडे येतो." वेढ्यांवर पाणी मारत राहायचं, नायतर काथ्या तापून जळायला लागतो.

विहिरीवर बायका हसायच्या. एक जण म्हणाली, "नवऱ्याला दाव्याला बांधून चारते गो ही."

मी म्हटलं, "माझा बांधलेला तरी आहे. तुझा मुंबईत सुटलाय, तो कुठे चरतो ते बघ."

हे चढायच्या आधी दर वेळी म्हणायचे, "काय भांडण असेल तर आताच काढ. वर गेल्यावर मी तुझ्या हातात."

आता ते आंब्याचं सांगते. पावसच्या अलीकडे एक बागवाला होता, त्याच्या घरामागे जुना रायवळ आंबा. फळ धरायचा कधीच बंद झालेला, अंगभर बांडगूळ, मधून पोकळ. एक मोठी फांदी घराच्या कौलांवर आलेली. शिमगा झाला होता. पावसाच्या आत झाड उतरवायचं ठरलं.

आमच्याकडे झाडाला हात लावायच्या आधी गाऱ्हाणं घालतात. बुंध्याशी नारळ ठेवायचा आणि म्हणायचं, बा म्हाराजा, ह्या झाडात तुझा वास असेल तर बाजूला हो, चढणाऱ्याला सांभाळ, खालच्याला सांभाळ. सगळ्यांनी म्हणायचं, होय म्हाराजा. आणि एकदा गाऱ्हाणं घातलं की झाड त्याच दिवशी खाली आलं पाहिजे. जो होता तो उठून गेला, आता अर्धवट झाड उभं ठेवून त्याला परत बोलवायचं नाय.

हे पहाटेच तिकडे गेले. मी भाकऱ्या करून, दोर घेऊन मागून जायची होते. भाकरी तव्यावर असतानाच मला कळलं. मी चुलीपुढून उठले आणि मागच्या दारी जाऊन बसले. सासूला म्हटलं, "आई, माझ्याच्याने आज होत नाय."

ती समजली. म्हणाली, "अगो, आजच?" बाहेरची असताना दोराला शिवायचं नसतं, झाडाला शिवायचं नसतं, त्याच्या सावलीत जायचं नसतं. मी केलेला दोर, पण त्या दिवशी माझ्यासमोरून सासूने उचललान आणि डोक्यावर घेऊन निघाली. मी तिच्या मागून लांबून चालत गेले.

आम्ही पोचलो तर गाऱ्हाणं घालून झालेलं. सासूने यांना बाजूला घेऊन सांगितलंन. यांनी माझ्याकडे बघितलंनी. मी बागेच्या दगडी गडग्यापलीकडे उभी. हे बागवाल्याला म्हणाले, "चार दिवस थांबू या."

"आणि नारळ ठेवलेला त्याचं काय?" बागवाला म्हणाला. "झाड मोकळं करून असं ठेवायचं? माझी पोरंबाळं घरात झोपतात."

यांचापण गाऱ्हाण्यावर विश्वास होताच. माझापण होता.

बागवाल्याचा पुतण्या शिमग्याला आलेला, मुंबईला गोदीत कामाला. हा एवढा दंड. तो म्हणाला, "दादा, आम्ही बोटीवरनं लोखंड उतरवतो. ही तर फांदी. मी धरतो दोर."

यांनी त्याला सगळं दाखवलंनी. शेजारच्या फणसाला तीन वेढे घालून दिलेनी, पाणी मारायला सासूला उभं केलंनी. मग वर चढले. जाताना माझ्याकडे हात केलानी. भांडणाचं त्या दिवशी काही बोलले नाय. मधे गडगा, काय बोलणार?

बारक्या फांद्या नीट उतरल्या. पण वेढ्यांमुळे दोर हळू सुटतो, आणि त्या पुतण्याला घाई. दुपार झाली होती. मी बघत होते. त्याने एक वेढा काढलान. मग दुसरापण काढलान. एकच ठेवलान.

मी ओरडले, "आई, वेढे घालायला सांगा त्याला."

सासूने त्याला सांगितलंन. तो हसला. "बायकांना वेढे लागतात. मला कशाला?"

मी यांना हाक मारली. वर कुऱ्हाडीचे घाव चाललेले, पानांची सळसळ, काय ऐकू जाणार. गडगा कमरेएवढा. एका टांगेत मी आत गेले असते. गेले नाय. बाहेरच्या बाईने झाडाखाली जाऊन चढलेल्या नवऱ्यावर विटाळ घालायचा? मी बुंध्याकडे बघत तिथेच उभी राहिले.

ती कौलांवरची मोठी फांदी सुटली. सगळं वजन एका वेढ्यावर आलं आणि दोर सुरसुरत पळाला. फांदी कौलांकडे चालली. बागवाला ओरडला, "अरे, घर, घर." त्या पुतण्याने पाय फणसाच्या मुळाला लावलेन आणि सगळी ताकद लावून दोर रोखलान. ताकद होती हो त्याच्यात. फांदी कौलांच्या हातभर वर जागच्या जागी थांबली. एक कौल फुटलं नाय.

झटका वर गेला. म्हातारं पोकळ झाड, हळू सोडलं असतं तर त्याने सोसलं असतं. डोक्यावरचं बेचकं फाटलं आणि त्याचा अख्खा ओंडका यांच्या पाठीवर आला. बाजूला व्हायला जागा नव्हती. कमरेचा दोर यांना खोडाला धरून होता. चांगला वळलेला दोर. तो तुटला नाय.

मी गडग्यावरून उडी मारून झाडाखाली गेले, बुंध्याला दोन्ही हात लावले. तेव्हा कोणी विटाळ म्हणालं नाय. शेजारच्या बागेतून माडावर चढणारा एक जण आणला, त्याने यांना खाली उतरवलान, त्याच दोराने. तेव्हा दोर मी धरला. तीन वेढे घालून. हे भुईला टेकले ते पान टेकावं तसे.

त्यानंतर दोन पावसाळे काढले यांनी, आडवे. कमरेखाली काही कळायचं नाय. मी त्यांना कुशीवर वळवायचे, पुसायचे, आणि त्यांच्या उशाशी बसून काथ्या वळायचे. त्या दिवसाचं ते बोलले नाय. मीपण नाय. गावात बोलायचे, हिची सावली पडली असेल, नायतर असं कसं होईल. सासू मला विचारायची, "तू लांबच होतीस ना गो? गडग्यापलीकडेच होतीस ना?" मी होय म्हणायचे. ती म्हणायची, "मग?" आणि माझ्या तोंडाकडे बघत राहायची. मरेपर्यंत ती तेच विचारत राहिली.

हे गेले. मागून दिराची गिरणीतली नोकरी सुटली, तो घरी आला आणि झाडं उतरवायला लागला. मुंबईला जायच्या आधी भावाचंच बघून शिकलेला. एकदा विहिरीवरचा फणस उतरवायचा आला. दोर धरायला माणूस नाय. मला म्हणाला, "वैनी, तुम्हाला माहीत आहे. याल?"

त्या सकाळी मी बाहेरची होते. कोणाला सांगितलं नाय. का नाय सांगितलं, ते तेव्हापण मला कळलं नव्हतं. गाऱ्हाण्याला मागे उभी राहिले, होय म्हाराजा म्हटलं. दोर हातात घेतला, वेढे घातले, पाणी मारलं. एकेक फांदी उतरवली. मग शेंडा, मग खोडाचे तुकडे. विहिरीत एक पान पडू दिलं नाय.

दीर खाली आला, घाम पुसत म्हणाला, "वैनी, तुम्ही खाली असलात की मला वर भीती नाय वाटत."

मी घरी आले आणि पडवीत बसले. समोर सोडणं पडलेली, बडवायची होती. हात उचलेना. दिराचं वाईट व्हावं असं माझ्या मनात नव्हतं, देव साक्ष आहे. पण काहीतरी व्हायला हवं होतं. एखादी फांदी निसटायला हवी होती, माझा हात तरी सोलायला हवा होता. काही झालं नाय. त्या आंब्याच्या दिवशीपण झालं नसतं.