औषधासोबत पेज

प्लेट्स रिकाम्या असायला हव्या होत्या. झाकण उचललं तर पांढरे ठिपकेच ठिपके. एक ठिपका म्हणजे औषधातून वाचलेल्या एका जिवाणूचं अख्खं खानदान.

पांढुर्ण्यातल्या एका कॉलेजच्या लॅबमध्ये मी मीडिया बनवते. मीडिया म्हणजे जिवाणूंचं जेवण. शाळा आठवीत सुटली. नवऱ्याच्या रेल्वेच्या नोकरीपायी सावंतवाडीहून इतक्या लांब आले. लॅब चालवणाऱ्या मॅडमनी बाटल्या धुवायला ठेवलं आणि हळूहळू सगळं शिकवलं. एवढे उपकार, म्हणून चुकायची धास्तीही तेवढीच.

मॅडम पोळ्याला सौंसरला घरी गेल्या होत्या. माझ्यासाठी चिठ्ठी ठेवली होती. जिवाणू दोन जेवणांत वाढत होते. एक पिवळं, भरपेट. दुसरं पाण्यासारखं, नुसते क्षार आणि किंचित साखर. औषध त्यातल्या एकात घालायचं. हे औषध जिवाणूला डीएनएची नक्कल करू देत नाही, मग तो मरतो. कुठल्यात घालायचं ते चिठ्ठीत होतं, आणि चिठ्ठी मी ऑटोक्लेव्हवर, म्हणजे आमच्या मोठ्या कुकरवर, ठेवली. वाफेनं शाई पसरली.

मॅडमना फोन लावला. उचलला नाही. सणाच्या दिवशी परत कसा लावायचा? मग घरचं शहाणपण वापरलं. आमच्याकडे औषध चालू असलं की माणसाला पेज देतात, पुरणपोळी नाही. मी पातळ जेवणात औषध घातलं आणि मग त्यातले थेंब प्लेट्सवर पसरून ठेवले. सगळे मेले असते तर प्लेट्सवर काहीच उगवलं नसतं.

"कायले रडून राहिली वं बाई?" स्टोअरचे गजूभाऊ म्हणाले. "प्लेटा तं भरल्या न! पीक चांगलं आलं."

तेवढ्यात मॅडम आल्या. त्यांनी प्लेट्स बघितल्या.

"औषध घातलं होतं न?"

"हो."

"कशात?"

सगळं सांगितलं, पेजेसकट. "मॅडम, मी उद्यापासून येऊ नको का?"

"चूप बस. पिवळ्यात घालाचं होतं वं. पण एवढे जगलेच कसे?" त्या प्लेट उजेडात धरून कितीतरी वेळ बघत राहिल्या. "पुन्हा लाव. दोन्ही जेवणं, दोन्हीत औषध सारखंच. माझ्यासमोर."

दुसऱ्या दिवशी पिवळ्याच्या प्लेटवर चार-दोन ठिपके. पेजेची प्लेट भरलेली. तिसऱ्यांदाही तेच. मॅडमनी खुशीत मला खांद्याला धरून गदागदा हलवलं.

"भरपेट जिवाणू घाई करते. एक नक्कल पुरी व्हायच्या आधीच दुसरी सुरू करते. औषधानं काम अडलं की सगळंच तुटते. अर्धपोटी सावकाश चालते. त्याचं कमी तुटते, जोडाले वेळ भेटते. आपल्या या जिवाणूचं तरी असंच दिसून राहिलं."

"म्हंजे उपाशीपोटी औषध घ्याचं?" गजूभाऊ.

"तुम्ही जिवाणू आहात का, भाऊ?"

मी कितीतरी दिवसांनी पोट धरून हसले.

आता लॅबमध्ये त्या पातळ मीडियाला सगळे पेजच म्हणतात. मॅडमनी वहीत प्रयोगाखाली स्वतःच्या नावाशेजारी माझं नाव लिहिलं. मी ते चारदा वाचलं. नोकरीही राहिली.

तरी सांगते, चिठ्ठी कुकरवर ठेवू नये. आणि फोन दुसऱ्यांदाही लावावा. दर वेळी पेज वाचवत नाही.