वरचे दात आणि अक्काची सुई

श्रावण, नागपंचमीनंतरचा रविवार, १९८८. ठिकाण धरणगाव, थोरल्या दिरांचं घर. हजर : थोरले दीर, ज्यांना सगळे भाऊ म्हणतात, त्यांची बायको, म्हणजे माझी थोरली जाऊ अक्का, माझे यजमान, मी, धुळ्याकडच्या खेड्यातून आलेली चुलत सासू, नानी, शिवाय भावकीतली दहाबारा माणसं. गैरहजर कोणी नाही. कानबाई ही आमच्या खानदेशातली देवी, आणि तिच्या रोटांना आमच्याकडे कोणी गैरहजर राहत नाही. घरातल्या पुरुषमाणसांच्या नावाने मुठी मोजून गहू दळायचे, त्याचे रोट करायचे आणि ते भावकीतच खाऊन संपवायचे, अशी रीत.

मी तेव्हा जळगावला एका शाळेच्या कार्यालयात होते. यादी केल्याशिवाय मी भाजीलासुद्धा जात नाही. त्या दिवशीच्या यादीत एकच काम उरलं होतं : अक्काला वरचे दात काढायला राजी करणे.

हे काम यादीत कसं आलं ते सांगते. लहानपणी अक्काला सांधे सुजून ताप आला होता आणि त्यात तिच्या हृदयाची एक झडप खराब झाली. ती लग्न होऊन आली, दोन बाळंतपणं झाली, जिना चढताना धाप लागायची, पण चाललं होतं. त्या वर्षी उन्हाळ्यात तिला रोज संध्याकाळी ताप येऊ लागला. मलेरियाच्या गोळ्या झाल्या, टायफॉइडच्या झाल्या. ताप हटेना. मी तिला जळगावला आणलं. तिथल्या हृदयाच्या डॉक्टरांनी छाती ऐकली आणि मग म्हणाले, "तोंड उघडा."

अक्काने माझ्याकडे पाहिलं. छातीच्या डॉक्टरला तोंडात काय पाहायचंय?

"तंबाखू खाता?"

"छे," अक्का म्हणाली. खरंच खात नव्हती. सकाळ-संध्याकाळ मिसरी लावायची, पण मिसरीला आमच्याकडे तंबाखू कोण म्हणतं? हिरड्यांतून रक्त येई म्हणून ती आणखी थोडी चोळायची.

डॉक्टरांनी समजावून सांगितलं. सुजलेल्या हिरडीत जंतू असतात. तिथून रक्त येतं, तसे त्याच वाटेने ते आत रक्तातही शिरतात. निरोगी हृदयातून ते सहसा वाहून जातात. अक्काची झडप खरबरीत, तिथे ते चिकटले होते आणि झडप कुरतडत होते. संध्याकाळचा ताप त्यांचाच. कितीतरी आठवडे तिला दवाखान्यात ठेवून इंजेक्शनं दिली. ताप गेला. पण झडप बदलायला मुंबईला जावं लागणार होतं, आणि मुंबईच्या डॉक्टरांनी कळवलं होतं, आधी खराब दात काढून तोंड स्वच्छ करून या. नाहीतर नव्या झडपेवरही तेच जंतू बसतील.

दातांच्या डॉक्टरांनी सहा दात काढायला सांगितले. दोन खालचे, चार वरचे.

"खालचे काढा," अक्का म्हणाली. "वरचे नाही. वरचे काढले की डोळे जातात."

तिच्या वडिलांचं तसं झालं होतं. वरची दाढ उपटली आणि दोन वर्षांत दिसेनासं झालं.

"तो मोतीबिंदू होता, अक्का."

"मग दाढ काढल्यावरच कसा आला?"

अक्का अख्ख्या गल्लीच्या चोळ्या शिवायची. कानबाई म्हणून पुजायचा नारळ सजवायचा तर त्याला बोटभर कापडाचं लुगडं-चोळी, तेही तिच्याच हातचं. डोळे गेले तर आपण कोणाच्या उपयोगाच्या राहिलो, हा तिचा प्रश्न होता, आणि तो खोटा नव्हता. मी मुद्द्यावर आले.

"दाताचा डोळ्याशी संबंध तुम्ही मानता ना? मग काळजाशी का मानत नाही?"

"डोळा दाताच्या वर आहे. काळीज खाली," ती म्हणाली. "वरच्या दाताची मुळं वर जातात. तूच सांग, जवळ काय पडतं?"

भाऊ पलंगावरून म्हणाले, "हेडक्लार्कबाई, फाईल परत आली तुमची."

शेवटी अक्कानेच अट घातली. वरचे दात काढलेली आणि चष्म्याशिवाय सुई ओवणारी बाई दाखव, मग मी तोंड उघडते.

मी कामाला लागले. पहिल्यांदा आमच्या मुख्याध्यापकांच्या आईला नेलं. त्यांना वरची पूर्ण कवळी होती. अक्काने चहा दिला, सगळी विचारपूस केली आणि त्या गेल्यावर म्हणाली, "चष्मा होता." मग बांगड्या भरायला येणारी मणियार चाची. तोंडात वर एक दात नाही आणि बांगडी हातात घेताच तिच्यावरची बारीक चीर चाचीला दिसायची. अक्काने तिलाच विचारलं, "चाची, दात काढले की पडले?"

"अपने आप गिरे, बेटी."

"बघ. पडले. उपटले नाहीत," अक्का मला म्हणाली.

म्हणून मी रोटांच्या रविवारची वाट पाहत होते. भावकी एकत्र आली की निदान तोंडं तरी मोजता येतील.

पंगत बसली. नानी रोट खिरीत बुडवून मऊ करत होती. मी तिच्या शेजारी बसले आणि सरळ विचारलं, "नानी, तुमचे वरचे दात पडले की काढले?"

"मना वरना बठ्ठा दात धुयाना डाक्टरनी उपटी टाकात," नानी म्हणाली. "का वं?"

सगळे वरचे, आणि धुळ्याच्या डॉक्टरने उपटलेले! मी अक्काला हाक मारली. ती वाढता वाढता थांबली, पदराला हात पुसले आणि आत जाऊन सुई-दोरा घेऊन आली. मोठी सुई नव्हती. कानबाईच्या चोळीसाठी घेतलेली सगळ्यात बारीक सुई होती. भाऊंनी घास हातात तसाच धरला होता.

नानीने दोऱ्याचं टोक जिभेवर ओलं केलं, सुई नाकाशी धरली. पहिल्यांदा टोक चुकलं. अक्काने मान हलवली. नानीने टोक पुन्हा ओलं केलं आणि ओवलं.

"डोया जठे व्हतात तठेच शेतस," ती आपल्या डोळ्यांकडे बोट करत अक्काला म्हणाली. "आते रोट खाऊ दे माले."

नानीला अंगणातली म्हैस दिसत नसे. दारात कोण आलं हे तिला आवाजावरून कळे. म्हणजे तिला जवळचंच दिसायचं. पण ते अक्काने विचारलं नव्हतं.

पुढची कामं सोपी होती. दात टप्प्याटप्प्याने काढले. दर वेळी आधी जंतूंवरच्या गोळ्या, त्या मी माझ्यासमोर गिळायला लावल्या. मिसरीचा डबा अक्काने स्वतः उकिरड्यावर टाकला. राहिलेल्या दातांच्या हिरड्या साफ झाल्या. दिवाळीनंतर मुंबईला झडप बदलली. आता ती जिना चढते आणि वर जाऊन मला हाक मारते, "ये की लवकर."

मात्र चार वर्षांनी तिला चष्मा लागला. जवळचं दिसेना. मलाही त्याच वर्षी लागला, आणि माझे वरचे सगळे दात जागेवर आहेत. हे मी तिला माझा चष्मा काढून दाखवून सांगितलं. ती हसली, सुई ओवून दे म्हणाली, आणि त्याच संध्याकाळी गल्लीतल्या बायकांना सांगितलं, "डॉक्टर काही म्हणोत. थोडी तरी नजर जातेच."

याचा त्रास आता होतोय. गेल्या महिन्यात भाऊंच्या छातीत दुखलं. त्यांच्या झडपा चांगल्या आहेत, रक्तवाहिन्या अरुंद झाल्यात. साखरही आहे. तंबाखू ते उघड खातात आणि हिरड्या अक्काच्या होत्या त्याहून वाईट. मी दातांच्या डॉक्टरांना विचारलं. ते म्हणाले, हिरड्यांचा आणि अशा आजाराचाही संबंध असावा असं हल्ली लिहिलं जातंय, पण पक्कं सिद्ध झालेलं नाही. वाट पाहायचं मात्र कारण नाही, साखर आहे, हिरड्या बऱ्या केल्याच पाहिजेत, आणि वरची डावीकडची दाढ काढावीच लागेल.

मी धरणगावला जाऊन हे जसंच्या तसं सांगितलं. भाऊंनी ऐकून घेतलं. मग अक्काच्या चष्म्याकडे बोट दाखवलं.

"हिचं काय झालं ते पाहिलंय मी, हेडक्लार्कबाई."

अक्का शिवत होती. तिने चष्मा नाकावर नीट बसवला. नानी आता नाही, आणि भावकीत दुसरी तशी बाई मला अजून सापडलेली नाही. भाऊंची दाढ तोंडातच आहे.