आजोबांनी न भरवलेली खीर

पोरांनो, परवा व्हिडिओ कॉलवर धाकटीनं विचारलं, "आजी, माझा आजोबांबरोबर एकही फोटो कसा नाही?" तुमच्या आईनं विषय बदलला. मी सांगते.

तुमच्या आईच्या आधी आम्हाला एक मुलगा होता. रांगायला लागला होता. उलट्या-जुलाबांनी दोन दिवसांत गेला. आजोबा त्याच्याबद्दल कधी बोलले नाहीत. पण त्या आजाराच्या विषाणूवरची नवी लस आधी मोठ्या माणसांना पाजून तपासतायत, असं कळल्यावर मला न विचारता नाव देऊन आले.

"काका, विषाणू दुबळा केलाय, पण जिवंत आहे," डोस द्यायच्या आधी तिथल्या डॉक्टरीणबाईंनी आम्हा दोघांना बजावलं. "काही आठवडे तो पोटातून बाहेर पडेल, हाताला लागून दुसऱ्याच्या तोंडात जाईल. तान्ह्या बाळांपासून लांब राहायचं."

"घरात तान्हं कुणी नाही. ही आहे, पण हिला दात आहेत."

"थोडे उरलेत," मी म्हटलं.

डोस घेतला आणि त्याच आठवड्यात तुमच्या आईचा फोन आला. रजा आत्ताच मिळतेय, धाकटीचं उष्टावण नाशिकलाच करू. पहिला घास आजोबांनी भरवायचा हे तर केव्हाच ठरलं होतं. चांदीची वाटी त्यांनी सराफ बाजारातून आणून ठेवली होती. त्यांनी तिला लसीचं सांगितलं. ती म्हणाली, "मग पुढच्या वर्षी येते, बाबा."

"नको. ये. मला बघू तरी दे."

तुम्ही गंगापूर रोडला मावशीकडे उतरलात. आम्ही दोघं बाहेर, अंगणात खुर्च्या टाकून बसलो; त्यांच्यासोबत राहणारी मीही आत जाणार नव्हते. मावशीच्या यजमानांनी खीर भरवली. धाकटीनं ती थुंकली, पुन्हा मागितली. आजोबा खिडकीशी उभे राहून हसत होते.

नंतर मावशी वाटी धुवायला अंगणातल्या नळावर आली.

"तिचं उष्टं मला चालतं ना?" ते म्हणाले. "त्याला काही मनाई नाही."

उरलेली खीर त्यांनी बोटानं निपटून खाल्ली. मग बराच वेळ रिकामी वाटी मांडीवर घेऊन बसले.

"पुढच्या वर्षी मी भरवीन," निघताना काचेतून तिला म्हणाले. पुढचं वर्ष त्यांना मिळालं नाही. हृदयानं दगा दिला. लसीचा त्यात काही संबंध नव्हता. ती लस पुढे बाळांपर्यंत पोचली का, मला ठाऊक नाही.

धाकटे, उष्टावणाच्या एका फोटोत तुझ्यामागे खिडकी आहे. काचेवर ऊन चमकतंय, म्हणून पलीकडचं काही दिसत नाही. ते तिथे उभे होते.