कारखान्यावरची आंघोळ

दुष्काळातल्या त्या पौषात घरी आंघोळीला पाणी नव्हतं आणि असलं तरी तापवायला सरपण नव्हतं. सहकारी साखर कारखान्यात मात्र बॉयलरमागं कढत पाण्याचे नळ होते, बायकांसाठी पत्र्याचा आडोसाही होता. पण आत सोडायचे ते फक्त ऊस घेऊन आलेल्यांना. मला लई राग यायचा. थंडी काय ऊसवाल्यांनाच वाजत होती?

शेवटी सासूबाईंनी वाळत चाललेल्या फडातले सहा-सात ऊस बैलगाडीत टाकले आणि आम्ही दोघी साबण, लुगडी घेऊन निघालो. फाटकाबाहेर गाड्यांची ही भली मोठी रांग! शेंड्याकडचं हिरवं वाढं बैलांना घातलं आणि बसल्या बसल्या आम्ही एकेक कांडं सोलत गेलो.

नंबर लागला तेव्हा गाडीत नुसती चिपाडं उरली होती.

"मावशी, ऊस कुठंय?" रखवालदारानं विचारलं.

सासूबाई जागच्या हलल्या नाहीत. "बॉयलरात चिपाडंच जाळता न्हवं? रस काढायचं तुमचं काम आमी वाटंतच उरकलंय."

त्यानं फाटक उघडलं. पुढचं ऐकायची त्याची तयारी नसावी.