सवच्या कुंडाची पायरी

हे मी आजवर कुणालाच सांगितलेलं नाही. नवऱ्याला नाही. प्रार्थनेतसुद्धा नाही — देवाला ठाऊकच आहे, असं म्हणून तिथंही टाळत आले. तुम्हाला सांगते.

महाडला आमच्या छोट्याशा चर्चमध्ये दर रविवारी मी मुलांना शिकवते. नाताळ जवळ आला की विषय ठरलेला — देव माणूस झाला. यंदा एका मुलीनं विचारलं, "टीचर, मग देवाला खाजपण सुटायची?" पोरं हसली. मी म्हटलं, हो, सुटायची. घामोळं यायचं, पाय दुखायचे. ज्याला कातडीच नव्हती त्यानं आपली ही कातडी अंगावर घेतली — बोलता बोलता माझ्याच अंगावर काटा आला. आणि आई आठवली. पुढे काही शिकवता आलं नाही मला.

आईला सोरायसिस होता. हातांवर, पाठीवर लाल चट्टे, वर पांढरे खवले, सकाळी अंथरुणात त्यांचा भुगा पडलेला. हा रोग लागत नाही, हे शेजारणींना ठणकावून सांगणारी मीच. मग मला भीती कसली होती? भीती नव्हतीच. किळस होती. आईची किळस — येते का कुणाला? मला येत होती.

गुण येतो असं कुणीतरी म्हणालं, म्हणून तिला महाडजवळच्या सव गावच्या गरम पाण्याच्या कुंडावर घेऊन गेले. बायकांच्या बाजूला त्या वेळी आम्ही दोघीच. ती जपून कमरेभर पाण्यात उतरली. मी पायरीवर, टॉवेल धरून.

"उतर ना गो जरा," ती म्हणाली. "पाठीला हात पोचत नाय माझा."

एवढंच मागितलं तिनं. आणि मी — मला कणकण वाटतेय, म्हटलं.

ती तशीच वर आली, पाठ न चोळता. माझ्या कपाळाकडे हात नेला — आणि मध्येच थांबवला. त्या हाताकडे पाहिलं. माझ्याकडे पाहिलं. हात ओल्या पदराखाली घेतला.

"तूच बघ गो हात लावून. गरम हाय काय?"

तिला कळलं होतं का? मी माझं कपाळ चाचपलं आणि म्हणाले, थोडं आहे.

परतताना रिक्षात ती अंग चोरून बसली, मला धक्का लागू नये म्हणून. त्यानंतर तिनं आपणहून मला कधी हात लावला नाही. दोन वर्षांनी ती गेली.

मला ताप नव्हता. देव स्वर्ग सोडून खाली आला, हे मी अजूनही शिकवते. मी तीन पायऱ्या उतरले नाही. आता कधी खरंच ताप आला की डोळे मिटून पडून राहते. स्वतःचा हात कपाळाला लावत नाही. तिचा हवा असतो — तोच, खवल्यांचा.