चामोर्शीची लाइन

आमच्याकडे फोनवर कोणतीही गोष्ट तीनदा सांगतात. एकदा समोरच्याला कळावं म्हणून, एकदा लाइन कटली असेल तर असू द्यावं म्हणून, आणि एकदा नुसतं मनाच्या समाधानासाठी. शिवाय अंतर जितकं लांब तितका आवाज मोठा. बल्लारपूरहून चंद्रपूरला नेहमीचा आवाज, नागपूरला वरच्या पट्टीत, आणि पुण्याच्या काकाशी माझे वडील असे बोलत की काकाने फोन उचलला नसता तरी चाललं असतं.

दोन हजारच्या दशकात आम्ही चौघं इंटरनेटवर बंदुकांचा एक खेळ खेळायला लागलो, तेव्हा हीच सवय सोबत नेली. खेळाला जोडून व्हॉइस चॅट होतं. कानाला हेडफोन, तोंडासमोर माइक, आणि आपापल्या घरी बसून एकमेकांवर खेकसायचं. मी डिप्लोमा करून घरी बसलो होतो, म्हणजे घरच्यांच्या भाषेत कॉम्प्युटरचं काहीतरी करत होतो. आमचा कप्तान आमच्याच गावातल्या पेपर मिलच्या क्वार्टरमधला. मिलच्या मशिनींच्या आवाजात बापाचा जन्म गेलेला, त्यामुळे त्या घरात हळू बोलणं म्हणजे आजारपणाचं लक्षण. तिसरा चंद्रपूरचा, कोळसा खाणीच्या कॉलनीतला, आणि त्याच्या गालात सदैव खर्रा, म्हणजे पन्नीत घोटलेली तंबाखू-सुपारी. चौथा माझा मावसभाऊ, चामोर्शीला. मावशीच्या यजमानांचं तिथे फोन बूथ होतं, त्यात एक कॉम्प्युटर टाकला होता आणि तो याच्याच ताब्यात असे.

या मावसभावाची जीभ लहानपणापासून अडकायची. सोपा शब्दही पहिल्या अक्षरावर अडून बसायचा. आमचा गोतावळा मायाळू असल्यामुळे त्याला कोणी हसत नसे, त्याऐवजी सगळे त्याची वाक्यं पुरी करत. तो ‘पा’ म्हणाला की कोणी पाणी आणे, कोणी पापड वाढे. त्याला बहुतेक पानाला चुना हवा असायचा. पुढे पुढे तो लग्नाकार्यात बोलेनासाच झाला. जे वाढलं ते खायचा आणि उठायचा.

आणि हाच प्राणी खेळात आमचा सेनापती. कोण कुठे लपलंय, कुठून वळसा घालायचा, बॉम्ब कुठे ठेवायचा, हे सगळं तो सांगे आणि आम्ही ऐकत असू. कप्तान नावापुरता, डोकं चामोर्शीचं. खेळात याची जीभ सुटते, असं मी समजून चाललो होतो.

अडचण होती लाइनची. आवाज जसाच्या तसा तारेतून जात नाही. इकडे त्याची बारीक घडी घालायची आणि तिकडे उलगडायची, हे काम करणाऱ्या प्रोग्रामला कोडेक म्हणतात. आमचा जुना कोडेक घडी घालण्यात ढ होता. गठ्ठा एवढा मोठा की चामोर्शीच्या टेलिफोनच्या तारेत मावत नसे, अर्धा वाटेतच सांडे. आणि सांडलेल्या जागी काय भरायचं हे न कळल्यामुळे तो आधीचाच तुकडा पुन्हा वाजवे. कप्तान ‘दारात’ म्हणाला की तिकडे ‘दा-दा-दारात’ ऐकू जाई. सगळ्यांचंच असं होई. पण बाकी तिघांचं कधीमधी आणि चामोर्शीचं सतत.

नागपूरच्या एका टोळीने आम्हाला सलग हरवलं, वर ‘जंगलातले आले, जंगलातले गेले’ असं लिहून पाठवलं. वीज आमच्याकडे तयार होते, उजेड तुमच्याकडे पडतो, तरी तोंड वर करून हे! कप्तानाच्या डोक्यात सणक गेली आणि त्याने सरळ हिशेब मांडला. चामोर्शीचा आवाज वेळेवर येत नाही, म्हणून आपण मरतो. चामोर्शीला काढा, नागपूरचाच एखादा ब्रॉडबँडवाला पोरगा फोडून आणा.

हे मला लागलं. तो खेळ सोडला तर मावसभावाच्या आयुष्यात चार वाक्यं सलग बोलायची दुसरी जागा नव्हती. मी कप्तानाकडून थोडी मुदत मागून घेतली आणि एका फोरमवर खोदत बसलो. तिथे एक नवा कोडेक सापडला. खास बोलण्याच्या आवाजासाठी बनवलेला, घडी एकदम लहान, आणि वाटेत तुकडा सांडलाच तर जागा अशी बुजवणारा की कानाला कळू नये. वर फुकट. नुसता फुकट नाही, त्याचा सगळा कोड उघडा, कोणीही बघा, कोणीही सुधारा. फुकट ते पौष्टिक, असं मी मनात म्हणालो. कप्तानाला मात्र शंका. चांगली वस्तू कोणी फुकट कशाला देईल, आणि आहे ते चालतंय तर बदलायचं कशाला? मग मी नागपूरच्या टोळीचं ते वाक्य त्याला पुन्हा वाचून दाखवलं. तो तयार झाला.

कोडेक चौघांना एकदमच बदलावा लागतो, एकजण जुन्यावर राहिला तर त्याला कोणाचंच ऐकू येत नाही. चामोर्शीला तो डाउनलोड होईना, लाइन मध्येच तुटे. शेवटी मी तो सीडीवर उतरवला, सीडी वर्तमानपत्रात गुंडाळली आणि चामोर्शीच्या एसटीच्या कंडक्टरच्या हाती दिली. आमच्याकडे औषधं, लग्नपत्रिका आणि आंब्याचं लोणचं असंच जातं. जगातल्या कुठल्या तरी हुशार माणसांनी बनवलेला कोडेक एका कोंबड्याच्या टोपलीशेजारी बसून गेला.

सीडी पोचली त्या संध्याकाळी चौघं जमलो आणि मी अक्षरशः दचकलो. काय तो आवाज! खर्रा घोटताना प्लास्टिकची पन्नी कुरकुरते तेसुद्धा ऐकू आलं, आणि त्यानंतरची पिंकही. कप्तानाची आई वांग्याच्या भावावरून कोणाला तरी झापत होती. मिलचा भोंगा झाला तो आधी माझ्या खिडकीतून आला आणि मग हेडफोनमधून, कप्तानाच्या घरचा. चंद्रपूरवाला तर म्हणाला की मी खुर्चीमागे वळून पाहिलं, कोणी आलं की काय. मी एवढा खूश झालो की कोडेकच्या कौतुकात अर्धा तास भाषण ठोकलं.

चामोर्शी गप्प होती. खेळ सुरू झाला तरी गप्प. मग एकदा ‘ड’ ऐकू आला. स्वच्छ, गोल, काचेसारखा ‘ड’. नंतर पुन्हा ‘ड’. नंतर श्वास. नंतर काहीच नाही. कप्तान म्हणाला, नवं टाकूनही चामोर्शीची रड तीच. त्यावर स्क्रीनवर अक्षरं उमटली: माइक बिघडला. तो टाइप करत असतानाच त्याला कोणीतरी गोळी घातली. त्यामागोमाग आम्हीही गेलो.

माइक ठणठणीत होता. बिघडलेली होती ती आधीची लाइन, आणि तीच त्याची सोय होती. चौघांचेही शब्द फुटत होते तोवर त्याचा फुटलेला शब्द कोणाच्या लक्षात येत नव्हता. मी तीन जणांचे आवाज सुधारले आणि चौथ्याला उघडं पाडलं. मला स्वतःचा राग आला, त्याहून जास्त त्या कोडेकचा. एवढं चांगलं असायची काही गरज होती का?

दुसऱ्या दिवशी दुपारी बूथवर फोन लावला. म्हटलं, जुनाच परत टाकतो, कप्तानाला सांगतो की नव्यात गडबड निघाली. पलीकडे तो ‘न’वर अडकला. मी सवयीने म्हणालो, “नवा आवडला नाई न तुले? मी काढतो.”

“न... नाई,” तो म्हणाला. मग बराच वेळ घेऊन, एकेक शब्द ओढून काढत त्याने मला सुनावलं, आणि जन्मात पहिल्यांदा मी मध्ये बोललो नाही. “लाइन खराब राह्यली की तुमी सारे थांबता, भाऊ. परत सांग म्हणता. मी अडकलो की काऊन नाई थांबत?”

खरंच, तारेसाठी आम्ही किती सोशीक! एकच वाक्य तीनदा ऐकायचो, हू की चू न करता. आणि घरच्या माणसाला एका अक्षराची सवड देत नव्हतो. मला रडू आलं, आणि ते लपवायला मी खोकलो, तर पलीकडे त्याच्या मागून मावशी ओरडली की आल्याचा काढा घे.

कोडेक तोच ठेवायचा, असं त्यानेच ठरवलं. संध्याकाळी त्याने कप्तानाला आणि चंद्रपूरवाल्याला स्वतः सांगितलं की अडकते ती लाइन नाही, आपली जीभ. बोलूनच सांगितलं, टाइप करून नाही. त्याला वेळ लागला. मध्ये दोनदा कप्तानाचं तोंड उघडल्याचा आवाज आला, एवढा स्वच्छ कोडेक होता तो, पण तोंड पुन्हा मिटलं. सगळं झाल्यावर कप्तान म्हणाला, “मंग आधी सांगायचं न बे. मी फुकट टेलिफोनवाल्याइले शिव्या देऊन राह्यलो होतो.” त्याच्या तोंडून याहून गोड काही निघणं शक्य नव्हतं. नागपूरचा ब्रॉडबँडवाला पोरगा मग नागपुरातच राहिला.

त्या रविवारी नागपूरच्या टोळीशी सामना लागला. आम्ही तिघं एका भिंतीला टेकून उभे होतो. मावसभाऊ वर गच्चीवर, त्याला सगळं दिसत होतं. त्याने तोंड उघडलं, “मा...”

पूर्वी असतं तर कप्तानाने ‘मारू का’ म्हणून उडी घेतली असती, मी ‘मार’ म्हटलं असतं, चंद्रपूरवाला कुठेतरी पळाला असता. आता कोणी हललं नाही. जन्मात कोणाचं वाक्य पुरं होऊ न दिलेली ती तीन माणसं भिंतीला पाठ लावून एका अक्षरावर थांबली. चंद्रपूरवाल्याने खर्रा चघळणंसुद्धा बंद केलं. “मा...” पुन्हा आलं. आम्ही थांबलो. भिंतीवरून हातबॉम्ब येऊन पायाशी पडला तरी थांबलो. तिघंही एकदमच मेलो.

“मागून येऊन राह्यले,” मावसभाऊ म्हणाला.

“बरोबर आहे बे,” कप्तान म्हणाला, “मागूनच आले.”